सहीच्या आधी

बस पंचशीला, पट्टा थांबवते जरा.
फॉर्म तिकडं ठेव, पोत्यावर नको,
पीठ लागलं तर पौळ सर ओळखतील
कुणाच्या गिरणीतून आलाय.

बुलबुलमध्ये घालतेस आम्रपालीला. घाल.
पण फॉर्मची मागची बाजू कोरी असते बघ,
तिथं जे छापत नाहीत ते ऐकून जा.

ड्रेसचं कापड जिंतुरात मिळंना,
परभणी गाठावी लागते, शिवणावळ निराळी.
लेकरू वर्षात चार बोटं वाढतं,
तेव्हा आत घडी ठेवून शिवायला सांग.
नाहीतर सरळ विचार, कुणाचा जुना आहे का.
जुन्याची लाज आपल्यालाच असते,
त्यांना शिट्टी मिळाली की झालं.

शनिवारची सकाळ आता तुझी नाही.
आणि घरातली एक दोरी सुटी राहत नाही.
पायजम्याची नाडी, म्हशीचं दावं, माझी रिबन,
आमच्या विश्वंभरानं सगळ्याला गाठी शिकवल्या.
सोडायला शिकवतात पुढच्या महिन्यात.
तोवर मी पोत्याची सुतळी दातानं सोडली.

रोज एक चांगलं काम करायचं
आणि ते कुणाला सांगायचं नाही.
पहिले आठ दिवस हा सांगतच होता.
नवव्या दिवशी गप्प.
मला वाटलं सुटलं खूळ.
मग हापशावरच्या एका म्हातारीनं विचारलं,
तुमचा पोरगा आज आला नाही का घागर उचलायला.

खऱ्या कमाईच्या आठवड्यात
स्टँडसमोरच्या हॉटेलात कप विसळत होता.
ह्याचे वडील नेमके तिथंच चहाला.
बाप बाकावर, लेक ट्रे घेऊन पुढ्यात,
दोघंही ओळख दाखवंनात.
पस्तीस रुपये आणले, पावतीसकट.
त्या रात्री ह्यांनी आपला कप आपण विसळला.
एकदाच.
पुढचं विचारू नको.

येलदरीच्या शिबिराचं मात्र विचार.
तोंड उघडून विचार:
पोरींच्या तंबूशेजारी कोण झोपतं,
मॅडम किती,
रात्री उठावं लागलं तर सोबत कोण,
धरणाच्या कडेला कोण उभं राहतं.
मी पहिल्या वर्षी विचारलं नाही,
सर काय म्हणतील म्हणून.
दोन रात्री गिरणी बंद आणि कानात घरघर.
दुसऱ्या वर्षी विचारलं.
सरांनी काही न बोलता वही पुढं केली,
नावं, वेळा, नंबर, सगळं लिहिलेलं.
जो वही पुढं करत नाही
त्याच्या हाती लेकरू देऊ नको,
मग तो कितीही गोड गाणी म्हणू दे.

आणि एक आहे.
ते तुला सांगू का नको, असं झालंय कधीचं.

पहिल्या शिबिराला मी पिशवीत ताटली घातली,
तळाला आमचं नाव कोरलेली,
आणि त्याच्या कानात सांगितलं,
ह्याच्यातच जेव. दुसऱ्याची घेऊ नको.
सासूचं नाव कशाला घेऊ, मीच सांगितलं.
का सांगितलं ते तुला कळलंय,
तू खाली बघतेस त्यावरून.

तो परत आला, पायाला काटे, अंगाला धूर,
पिशवीत ताटली दुसरीच.
उलटी करून बघितली:
भि. का. वाघमारे, चारठाणा.
म्हटलं, आपली कुठाय?
म्हणाला, सहा ताटल्या एकदमच घासतो आम्ही,
राखेत सगळ्या सारख्याच दिसतात.

रात्रभर ती मोरीत होती.
सकाळी त्यानं स्वतःच घेतली, भाकरी मोडली.
मी वरण वाढलं.
माझा हात थरथरला का? थरथरला.
खोटं कशाला बोलू तुझ्यासमोर,
तू ह्याच गिरणीत दहा वर्षं दळण आणतेस
आणि तुझा डबा मी कायम खाली ठेवायला सांगत आले.

दे इकडं तो डबा. वर ठेव.

पालकाची सही इथं, खालच्या रेघेवर.
सामानाच्या यादीत ताटली आहे,
नाव कोरून आणा असं लिहिलंय.
कोर.
तीच परत येईल असं धरून बसू नको.